सूर्य झाकला की

बुधवारी दुपारी तीन वाजले की गुरुवारकर आपले चार कागद घेऊन स्वयंपाकघरात येत, खुर्ची ओढून बसत आणि घसा खाकरत. समोर बायको शेंगा चिरत बसलेली असे. ते वाचायला लागत, आणि निम्मं लक्ष कागदाकडे तर निम्मं बायकोच्या हाताकडे ठेवत. सुरी चालू राहिली तर वाक्य पास, थांबली तर नापास. ती तोंडाने "कळलं नाही" असं कधी म्हणत नसे, म्हणायची लाज वाटे. पण हाताला लबाडी जमत नसे. हात थांबला की ते तिथल्या तिथे शब्द खोडत, दुसरा घालत, तोही अडला तर तिसरा. एकोणीस वर्षं हे असं चाललं.

गुरुवारकर हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. दर गुरुवारी सकाळी आठला ते रेडिओवर सात मिनिटं आकाशाबद्दल बोलत, म्हणून लोकांनी हे नाव बहाल केलं, आणि पुढे पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली. एरवी ते वेधशाळेतले साधे खगोलशास्त्रज्ञ. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत असतो. तो मोजायचा आणि वहीत मांडायचा, हे त्यांचं काम. त्यावर त्यांनी लिहिलेले निबंध जगात दहा-बारा जणांनी वाचले असतील, आणि त्यातल्या दोघांनी चुका काढल्या. रेडिओवर गेले तेही योगायोगाने. बोलायला जायचे होते वेधशाळेचे संचालक, पण ऐन वेळी त्यांचा घसा बसला आणि रिकामा सापडला तो हा माणूस. चंद्र आपल्याला जन्मभर एकच गाल का दाखवतो, एवढंच ते त्या दिवशी बोलले. आठवड्यात दोनशे पत्रं आली. संचालकांचा घसा चार दिवसांत सुटला, पण रेडिओवाल्यांनी त्यांना काही परत बोलावलं नाही, आणि ही गोष्ट संचालकांनी आयुष्यभर जपून ठेवली.

बायको सातवीपर्यंत शिकलेली. "तुला कळलं की जगाला कळलं," असं गुरुवारकर म्हणायचे. हे कौतुक आहे की टोमणा, याचा तिने सुरुवातीची काही वर्षं विचार केला आणि मग ते कौतुकच आहे असं ठरवून टाकलं. एकदा रेडिओवरच ते म्हणून गेले, "आमच्या घरी एक चाळणी आहे, तिच्यातून खाली पडेल तेवढंच मी तुम्हाला देतो." तेव्हापासून ती चाळणीबाई झाली. रेडिओवरचे लोक फोनवर आधी चाळणीबाईंची खुशाली विचारत. लेक सासरहून आली की म्हणायची, आई, तुझा तर बाबांच्या पगारात वाटा हवा. चाळणीबाई वरवर चिडायची. मनातून तिला वाटायचं, आकाशात आपलीही एक खोली आहे, भाड्याची का असेना.

मग ते सूर्यग्रहण आलं. खूप दक्षिणेकडे, एका चिंचोळ्या पट्ट्यात सूर्य सोळा आणे झाकला जाणार होता. त्यांच्या शहरात आणि आजूबाजूला चौदा आणे. गुरुवारकरांनी त्या बुधवारी वाचलं ते असं: ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नका, अपवाद एकच, जिथे ग्रहण खग्रास आहे तिथे, आणि खग्रास अवस्था चालू असेल तेवढीच दोन मिनिटं, उघड्या डोळ्यांनी बघायला हरकत नाही.

सुरी थांबली.

त्यांनी विचारलं, कुठे अडलं? ती म्हणाली, ते खग्रास की काय ते. त्यांनी समजावून सांगितलं की चंद्र सूर्याच्या पुढे येतो आणि सूर्य झाकून टाकतो, तेव्हा खग्रास. ती म्हणाली, मग सरळ "सूर्य झाकला की" असं म्हणा ना. गुरुवारकरांचा चेहरा खुलला. असा शब्द सापडला की त्यांना भूक लागायची, तशी लागली. त्यांनी वाटीतली कच्ची शेंग तोंडात टाकली. मग घड्याळ लावून सगळं परत वाचलं तर वीस सेकंद जास्त होत होते. "जिथे" आणि "तिथे" त्यांनी उडवलं, कारण सूर्य झाकला म्हणजे झाकला, आणखी कुठे कशाला सांगायला हवं? गुरुवारी सकाळी आठ वाजता रेडिओवरून गेलं: "सूर्य झाकला की दोन मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघायला काहीच हरकत नाही. आयुष्यात एकदाच दिसतं असं. जरूर बघा."

ग्रहण मंगळवारी झालं. पंधरा दिवसांत डोळ्यांच्या इस्पितळात अकरा जण आले. कुणाला वाचायला गेलं की अक्षराच्या जागी डाग, कुणाला समोरच्या माणसाचं नाक-तोंड नाहीसं झालेलं. इस्पितळातल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं, की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध भाजला आहे, तो बरा होत नाही, आणि अकरापैकी नऊ जण सांगतात की गुरुवारकरांनी बघा म्हणून सांगितलं होतं.

सूर्य चौदा आणे झाकला होता. ऊन राखाडी झालं होतं, पाखरं गप्प झाली होती, रस्त्यावर लोक म्हणत होते झाकला, झाकला. त्यांचं काय चुकलं?

आपलं काय चुकलं ते चाळणीबाईला ते वर्तमानपत्र आलं त्याच संध्याकाळी कळलं, तेही दूध तापवताना. दूध उतू जाऊ नये म्हणून तिने नेहमीसारखं झाकण जरा तिरकं ठेवलं, वाफेला बोटभर फट ठेवली. आतून गुरुवारकरांनी विचारलं, दूध झाकलंस का? आणि ती म्हणाली, "झाकलं." म्हणाली, आणि फटीकडे बघत तशीच उभी राहिली. चाळीस वर्षं ती अशीच दूध झाकत होती. तिच्या घरात, शेजारच्या घरात, ज्या कुठल्या स्वयंपाकघरात म्हणाल तिथे झाकणं म्हणजे फट ठेवूनच झाकणं. हे तिला कळायला नको? चाळणी म्हणून तिला बसवली होती ती याचसाठी ना? ध चा मा करणाऱ्या बाईला सगळे नावं ठेवतात. त्या बाईने निदान जाणूनबुजून केला होता. चाळणीबाईच्या समोर दूध उतू गेलं ते तिला दिसलंच नाही.

पुढच्या गुरुवारी गुरुवारकर रेडिओवर शेवटचे बोलले. सात मिनिटं मिळाली होती, त्यांनी एकच वापरलं. चूक संपूर्णपणे माझी आहे, शब्द माझा होता, असं ते म्हणाले. घरी चाळणीबाई रेडिओपाशी बसली होती. ते स्टुडिओतून परत आले की सांगून टाकायचं, शब्द माझा होता आणि झाकण्यात फट राहतेच, असं तिने ठरवलं. ते आले, जोडे काढले, पाणी मागितलं. तिने पाणी दिलं. सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं जड झालं, आणि असं करत करत पाच महिने गेले.

घर फिरलं की वासेही फिरतात. वेधशाळेत संचालकांनी सर्वांसमोर सुस्कारा सोडून म्हटलं, की शास्त्र सोपं करायला गेलं की असंच व्हायचं. दुर्बिणीच्या वेळापत्रकातून गुरुवारकरांचं नाव आधी पेन्सिलीने आणि मग शाईने गेलं. पत्रं येत राहिली. काही शिव्यांची, बरीचशी पूर्वीसारखीच: शेपटीचा तारा येतोय का, गुरूवर पाऊस पडतो का. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा गुरुवारकरांचा नेम होता. तापात पडून त्यांनी तिच्याकडून उत्तरं लिहून घेतली होती. आता पत्रं न फोडताच कपाटात जात. आणि त्यांनी वर बघणं सोडलं. संध्याकाळी गॅलरीतला दिवा ते लवकर लावत, म्हणजे आकाश दिसायला नको.

एवढ्यात प्रकाशकाकडून गठ्ठा आला. ग्रहणाच्या कितीतरी आधी ठरलेलं पुस्तक, एकोणीस वर्षांतली निवडक भाषणं, छापायला तयार. फक्त ग्रहणाचं भाषण गाळून बाकी सगळं तपासून द्या, असं प्रकाशकाने लिहिलं होतं; लोक अजून तुमची चौकशी करतात, असंही. चाळणीबाईचा जीव या गठ्ठ्यात अडकला. हे पुस्तक निघालं तर हा माणूस परत माणसांत येईल. निदान बुधवारी तीन वाजता कागद घेऊन येईल, वाचेल. मग ती सुरी खाली ठेवेल आणि 'झाकला' या शब्दाचं सगळं सांगून टाकेल.

गुरुवारकरांनी तपासायला घेतलं, पण आपल्या खोलीत, दार लावून. ते बाहेर गेले असताना तिने एक दिवस कागद पाहिले. पान तांबड्या शाईने भरलं होतं. मूळ वाक्य होतं, "तारे लुकलुकतात, कारण आपण त्यांना हवेतून बघतो." त्याचं झालं होतं: "बहुसंख्य तारे, विशिष्ट परिस्थितीत, काही अपवाद वगळता, साधारणपणे लुकलुकल्यासारखे भासतात, याची कारणं अनेक असून त्यांपैकी एक बहुधा." आणि ते पुढे समासात उतरून पानाच्या मागे गेलं होतं. चंद्राच्या गालावर सोळा ओळींची पुरवणी होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, हे खरं; पण हा माणूस पाणीही फुंकत होता. तिने पानामागून पान उलटलं. एकही ओळ तिला कळली नाही. एकोणीस वर्षांत तिच्या हाताने अडवलेले शब्द एकेक करून परत आले होते आणि येताना सोयरेधायरे घेऊन आले होते.

त्याच आठवड्यात दुपारी दारावर एक बाई आली. सव्वीस-सत्तावीसची, खांद्याला कापडी पिशवी. शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करते, म्हणजे करायची, असं तिने सांगितलं. दर महिन्याला पत्र यायचं हिचं. आज दिसलेल्या ताऱ्यांचं चित्र काढून खाली प्रश्न लिहायची. चाळणीबाईने ओळखलं. हिचं शेवटचं पत्र कपाटात न फोडलेलं पडलं होतं. काजवाली उंबऱ्यात उभी राहून चाळणीबाईच्या कानाच्या बाजूला, भिंतीकडे बघत होती.

गुरुवारकर बाहेर आले. तिचं ते भिंतीकडे बघणं पाहून ते खुर्चीत बसले. काजवालीनेच मग बोलायला सुरुवात केली, जणू अपराध तिचा होता. तिने सांगितलं, की मधोमध काळं असतं, सरळ बघितलं तर माणूस जातो, बाजूला बघितलं तर येतो. काजं आता चाचपून करते, घरबसल्या, दिवसाला चार. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती म्हणून बोलताना तिने पिशवीतून एक सदरा काढला आणि काज घालायला घेतलं. सुईकडे बघायची गरजच नव्हती.

"तुम्हीच शिकवलं होतंत," ती म्हणाली. "बारीक तारा बघायचा असला तर त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारी बघायचं. मी आता सगळंच तसं बघते."

गुरुवारकरांनी अवघडत विचारलं, त्या दिवशीचं माझं भाषण तुम्ही नीट ऐकलं होतं? ती म्हणाली, ऐकलं तर. बाकीची सगळी भाषणं ती वहीत उतरवून घ्यायची, ते एक घेतलं नाही, कारण लिहून घेण्यासारखं अवघड त्यात काही नव्हतंच. सूर्य झाकला की दोन मिनिटं. तिने घड्याळ लावून बरोबर दोन मिनिटं बघितलं होतं, एक सेकंद जास्त नाही.

ती भांडायला आली नव्हती. तिचा एक प्रश्न होता, पत्रातही तोच लिहिला होता, उत्तर आलं नाही म्हणून स्वतः आली. ग्रहणानंतर तिने आकाशाकडे बघितलंच नव्हतं. धीर होत नव्हता. "मला आता तारे दिसतील का?" तिने विचारलं. "तुम्ही सांगाल तर बघेन."

याचं उत्तर चाळणीबाईलासुद्धा येत होतं. एकोणीस वर्षं ऐकून तेवढं येणारच.

गुरुवारकर बोलायला लागले. ते म्हणाले, की हे व्यक्तिगणिक बदलतं, इजेच्या व्याप्तीवर अवलंबून असतं; पडद्याचा मध्यभाग आणि परीघ यांची संवेदनक्षमता सर्वसाधारणपणे वेगवेगळी असल्याने, निश्चित विधान करणं योग्य होणार नाही, तथापि अमुक प्रतीच्या वरचे तारे अनुकूल परिस्थितीत, अर्थात वैद्यकीय सल्ल्यानेच, कदाचित.

काजवालीची सुई थांबली.

चाळणीबाईने ते बघितलं. गुरुवारकरांनीही बघितलं, एकोणीस वर्षांची सवय, डोळे आपोआप हाताकडेच गेले. सुई थांबलेली त्यांना दिसली, आणि ते बोलत राहिले. एकही शब्द त्यांनी मागे घेतला नाही. तथापिच्या पुढे आणखी एक तथापि लावलं.

तेव्हा चाळणीबाईच्या तोंडून ते गेलं. पाच महिने ज्याची तयारी केली होती ते असं, तयारीशिवाय.

"तो शब्द माझा होता," ती म्हणाली. "झाकला. यांनी दुसरंच लिहिलं होतं. मला कळलं नाही म्हणून मी बदलायला लावलं."

काजवालीने मान वळवली आणि चाळणीबाई नीट दिसावी म्हणून तिच्या खांद्यापलीकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीच चाळणी," ती म्हणाली. रागाने नाही, ओळख पटल्यासारखं. मग जरा विचार करून म्हणाली, "मला तर तेवढाच शब्द कळला होता."

तिने सदरा पिशवीत घातला, दोघांना येते म्हणाली आणि भिंतीला हात लावत सावकाश जिना उतरली. जिन्याच्या वळणापर्यंत चाळणीबाई तिच्यामागे गेली. दिसतील, बाजूला बघ, हे तीन शब्द तिच्या जिभेवर होते. पण मागच्या खेपेलाही तीनच शब्द होते. आपल्या तोंडून गेलेल्या सोप्या शब्दाचं पुढे काय होतं ते तिने आत्ताच बघितलं होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली, आणि खाली पावलं वाजायची थांबली.

ती वर आली तेव्हा गुरुवारकर तसेच बसले होते. ते चिडतील असं तिला वाटत होतं. चिडावेत, असंच वाटत होतं. चुकीत तरी वाटा मिळाला असता. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तुला कुठे काय कळत होतं? कळत होतं ते मला. चाळणीचा काय दोष?"

इतक्या प्रेमाने तिला कुणी कधी घराबाहेर काढलं नव्हतं. आकाशातली ती खोली, भाड्याची का असेना, त्यांनी अशी एका वाक्यात रिकामी करून घेतली, आणि त्यांना ते कळलंही नाही. ती हो म्हणाली.

पुढच्या बुधवारी तीन वाजता खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिला आधी खरंच वाटेना. गुरुवारकर कागद घेऊन समोर बसले होते. प्रकाशकाचा निरोप होता, परवा माणूस पाठवतो. त्याआधी एकदा वाचून दाखवतो, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अडलं तर थांब," ते म्हणाले. पाच महिने ती ज्याची वाट बघत होती ते हेच. त्यांनी घसा खाकरला. तिने शेंगा पुढे ओढल्या आणि सुरी उचलली.

ते वाचू लागले. बहुसंख्य तारे, विशिष्ट परिस्थितीत, काही अपवाद वगळता. त्यांची नजर कागदावरून तिच्या हाताकडे आली. तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिचा हात थांबायला निघाला, तिने तो थांबू दिला नाही. थांबला तर शब्द जाणार, शब्द गेला तर दुसरा तिला सुचणार, आणि तो कुणाला तरी कळणार. सुरी चालत राहिली. ते पुढच्या वाक्यावर गेले, पुन्हा हाताकडे पाहिलं, सुरी चालतच होती. चंद्राचा गाल गेला, शेपटीचे तारे गेले, गुरूवरचा पाऊस गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सगळी वाक्यं पास होत होती.

मध्येच एकदा ते थांबले. त्यांनी फळीकडे पाहिलं. शेंगा केव्हाच संपल्या होत्या आणि तिची सुरी रिकाम्या फळीवर चालली होती. त्यांनी हे पाहिलं, हे तिनेही पाहिलं. तिला वाटलं, ते आता कागद खाली ठेवतील आणि विचारतील, कुठे अडलं?

गुरुवारकरांनी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले.